मागल्या सिलिंडरातलं पाणी

संघदीपनं सायकल दुकानाच्या भिंतीला टेकवली. दारातच स्टुलावर बसून तिलक एका पंपासाठी रबराचा वॉशर कापत होता. संघदीपनं त्याच्या डोक्यावरून आत पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, वहिनी कोठी आहे?”

“काऊन? का झाला?”

“बोट अडली. इंजिन फिरतच नाई. भैयाजीनं सांगतला, वहिनीले घेऊन ये.”

तिलकची कात्री थांबली नाही, पण वॉशर वाकडा कापला गेला.

दुर्गेश्वरी मागच्या पडवीत भांडी विसळत होती. बोलणं ऐकून ती पदराला हात पुसत पुढं आली. संघदीप गावच्या समितीची बोट चालवायचा. हिवाळ्यात तलावावर पाहुणे पक्षी उतरले की नागपूर-गोंदियाची माणसं ते बघायला येत, आणि संघदीप त्यांना फिरवून आणी. दुर्गेश्वरी दिसताच त्याच्या जिवात जीव आला. “वहिनी, सेल्फ मारला का ठक्क आवाज येते आन् जागेवरच बसते. बॅटरी नवीन आहे. उद्या इतवार, लोक येऊन राहिले. भैयाजी डोक्शावर बसला आहे.”

“चाल, पाहून येऊ,” ती म्हणाली. पान्यांची पिशवी उचलली आणि नवऱ्याकडे वळली. “तुमी बी चाला ना. बोटीचा इंजिन म्या कधी खोलला नाई.”

हे ती खरंच म्हणाली की आपलं मन राखायला, हे तिलकला कळेना. कळेना म्हणून ते त्याला जास्तच लागलं.

नवेगाव बांधच्या बसस्टँडवरून तलावाकडे वळलं की डाव्या हाताला ते दुकान. पाटीवर नाव तिलक रहांगडालेचं, आणि पाच-सहा वर्षांमागंपर्यंत दुकानातही तिलक एकटाच. डिझेल पंप, फवारणीचे पंप, मळणीयंत्राचं इंजिन, जे येईल ते. मग एका उन्हाळी धानाच्या हंगामात लखनलाल पटलेच्या पंपाला हँडल मारताना इंजिननं उलटा झटका दिला आणि हँडल तिलकच्या मनगटावर बसलं. हाड मोडलं, हात गळ्यात आला. धानाच्या बांधीतलं, शेतातलं पाणी सुकत चाललेलं, शेतकरी दारात उभे. दुकान बंद ठेवलं असतं तर गिऱ्हाईक अर्जुनीला गेलं असतं आणि परत आलं नसतं. तेव्हा दुर्गेश्वरीनं पदर खोचला आणि पाना हातात घेतला. तो स्टुलावरून सांगायचा, ती करायची.

ते दिवस तिलकला फार गोड वाटले होते. ती एकसारखी विचारायची. हा नट उलटा काऊन? धूर पांढरा काऊन? नोझल गळते हे कायवरून ओळखाचं? आणि तो, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून, एखाद्या गुरुजीसारखा उत्तरं द्यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं त्याच्याकडे असं तोंड वर करून कधी पाहिलं नव्हतं. पुढं प्लास्टर निघालं. तिनं पाना ठेवला नाही, आणि तिलकनंही ठेव म्हटलं नाही. दोघांच्या हातांनी काम उरकायचं. मुलगी ओमेश्वरी कॉलेजासाठी गोंदियाजवळ फुलचूरला मामाकडे राहायला गेल्यावर तर दुर्गेश्वरी दिवसभर दुकानातच असायची.

बिनसलं ते पुढं. चालत्या इंजिनला लांब पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत काय वाजतंय ते सांगायचं, हे तिलकनंच तिला शिकवलं होतं. पण तिला ते त्याच्याहून चांगलं ऐकू यायला लागलं. खोलायच्या आधीच ती सांगायची, आणि खोललं की तेच निघायचं. एकदा लखनलाल दारात आला, तिलकशी विड्या ओढत बसला, धानाचं बोलला, जावयाचं बोलला, आणि उठता उठता म्हणाला, “बहू आली का सांगजो गा, पंपाले कान लावून जाय म्हना.” मग दुसरेही तसंच विचारायला लागले. माणसं तिलकला टाळत नव्हती. टाळली असती तर भांडता तरी आलं असतं. ती त्याच्याशी हसून बोलायची आणि मग आत बघायची.

तिलकच्या जवळ एकच गोष्ट उरली होती. लग्नाआधी तो दोन वर्षं ओडिशात हिराकूडच्या धरणावर एका वर्कशॉपात होता. तिथं धरणात फिरणाऱ्या लाँची दुरुस्तीला यायच्या. “लाँचीचे इंजिन खोलले आहेत आपण,” तो चारचौघांत सांगायचा. या पंचक्रोशीत तसं सांगू शकणारा दुसरा कोणी नव्हता. आणि आज बोट अडली, तर बोटवाला त्याच्या डोक्यावरून आत बघून वहिनी कुठं म्हणून विचारत होता.

घाटावर ऊन चढलं होतं. मधल्या बेटाच्या अंगाला बदकांचे थवे पाण्यावर काळे दिसत होते. समितीचे अध्यक्ष भैयाजी, मफलर गुंडाळलेले म्हातारे, जमुनाबाईच्या चहाच्या टपरीपुढं बाकावर बसले होते. दुर्गेश्वरीला पाहून ते उठलेच. “ये वो बहू, ये. तूच आता काही कर.” मग तिलककडे पाहून म्हणाले, “तू बी आला, चांगला झाला.”

तू बी.

बोटीच्या मधोमध लाकडी पेटीखाली इंजिन होतं. दोन सिलिंडरचं, पंपाच्याच जातीचं, फक्त बोटीच्या लांबीत बसवलेलं आणि निळा रंग दिलेलं. पेटीचं झाकण उचलताच तिलक खाली वाकला, तळाशी हात घातला आणि तलावाचं पाणी आत घेणारा कॉक फिरवून बंद केला. विचार करून नाही. हिराकूडच्या उस्तादानं तशी सवयच लावली होती: बोटीत शिरलास की आधी कॉक बंद, मग बाकीचं. संघदीपनं ते पाहिलं, दुर्गेश्वरीचं लक्ष नव्हतं. ती नोझलचे पाइप सोडवत होती.

“आत पानी असन,” ती म्हणाली. “ठक्क करून बसते म्हनजे पिस्टनच्या वरते काहीतरी आहे. हवा असती तं दबली असती. पानी दबत नाई.”

तिनं दोन्ही नोझल काढून फडक्यावर ठेवले आणि संघदीपला म्हणाली, “आता मार सेल्फ. जरासाच.”

इंजिन या वेळी फिरलं. पुढच्या भोकातून नुसती फुसफुस आली. मागच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, छतापर्यंत गेली आणि तिलकच्या बाहीवर पडली.

“पायला?” दुर्गेश्वरीचा चेहरा उजळला. “मागल्या सिलिंडरात पानी आहे!”

घाटावरून माणसं वाकून बघत होती. भैयाजींनी मान डोलावली.

तिलकनं बाही नाकाशी नेली. पाण्यात बारीक काळे कण होते, आणि वास होता धुराचा, थंड झालेल्या काजळीचा. त्याला एका क्षणात सगळं कळलं. पंपाचा धूर वर मोकळ्या हवेत जातो. बोटीचं तसं नसतं. इंजिन थंड करून आलेलं तलावाचं पाणी सायलेन्सरमध्ये सोडलेलं असतं आणि धूर त्या पाण्याला ढकलत मागच्या पाइपातून बाहेर नेतो. इंजिन चालू आहे तोवर काही बिघडत नाही. पण ते सुरू न होता कोणी नुसता सेल्फ मारत राहिलं, तर धूर नाही, ढकलणारं काही नाही, आणि पाण्याचा पंप मात्र फिरतोच आहे. सायलेन्सर भरतो. मग पाणी उलटं चढतं आणि जो व्हॉल्व्ह उघडा सापडेल त्यातून सिलिंडरात उतरतं. मागचं सिलिंडर सायलेन्सरला सगळ्यात जवळचं. काल सकाळी थंडीत इंजिन उठत नसेल आणि या संघदीपनं सेल्फच्या बटणावरून बोट काढलं नसेल. एवढंच होतं. हिराकूडला अशा लाँची त्यानं कितीतरी पाहिल्या होत्या. सायलेन्सर रिकामा करायचा, सिलिंडर कोरडं करायचं, दोन थेंब ऑइल सोडायचं, झालं.

तो सांगणारच होता. तोंड उघडलंही होतं.

“हेड गॅसकेट गेला,” दुर्गेश्वरी म्हणाली. तिनं गेजची काडी ओढून पाहिली. “ऑइल साफ आहे, पानी तेथवरी नाई गेला. पन गॅसकेट मागल्या बाजूनं फुटला.”

पंपाच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. पंपात सिलिंडरमध्ये पाणी आलं की सिलिंडरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं, गॅसकेट फुटलेलं समजायचं, हे तिलकनंच तिला शिकवलं होतं. ओला सायलेन्सर तिनं जन्मात पाहिला नव्हता.

भैयाजी घाटावरून म्हणाले, “पाय, एका मिनिटात सांगतला. तिलक, तुही बाई म्हनजे डाक्टर आहे गा!” माणसं हसली. जमुनाबाई टपरीतून ओरडली, “आमची दुर्गाबाई आहे ते!”

तिलकनं बाहीवरचे काळे कण झटकले.

दुर्गेश्वरीनं मात्र त्याच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती. “तुमाले का वाटते?” तिनं विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं.

“तूच सांग,” तिलक म्हणाला. “तुलेच बोलावला आहे.”

तिनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग पाना उचलला आणि हेडच्या पहिल्या नटाला लावला.

गॅसकेट आणायला गोंदियाला जावं लागणार होतं. संघदीप निघाला होता, पण तिलकनंच मोटरसायकलला किक मारली. “मी आनतो. तुले नंबर समजनार नाई.” खरं तर त्याला तिथं बसवत नव्हतं.

कोहमाऱ्यापर्यंत दोन्हीकडे जंगल. थंड वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. वाटेत तो मनाशीच वाद घालत राहिला. तिनं चुकावं, एकदाच चुकावं, एवढंच तर त्याला हवं होतं. कोणाचं नुकसान थोडंच होणार होतं? संध्याकाळी हेड बसेल, इंजिन पुन्हा अडेल, चारचौघांत तिचं तोंड उतरेल, आणि मग तो बाही वर करून पुढं होईल. भैयाजी म्हणतील, अरे, खरा मिस्त्री तर हाच आहे. तिलकनं ते वाक्य मनात कितीदा तरी ऐकलं. दर वेळी बरं वाटलं, आणि दर वेळी त्यामागून तिचं ‘तुमाले का वाटते’ ऐकू आलं.

कोहमाऱ्याच्या चौकात त्यानं गाडी थांबवली. अजून गोंदिया बरंच लांब होतं. आता फोन केला तर हेड उघडायचे कष्ट तेवढे वाया जातील, बाकी काही नाही. खिशातून मोबाइल काढून त्यानं तिचा नंबर लावला.

फोन संघदीपनं उचलला. “वहिनीचे हात भरले आहेत, भाऊ. बोला ना.” मागं माणसांचा गलका होता आणि त्यात दुर्गेश्वरीचं हसू स्पष्ट ऐकू येत होतं. “हेड काढला वहिनीनं. काय सफाईनं काढला, भाऊ! भैयाजी म्हनून राहिले, आता बोटीचा काम सालभर वहिनीकडंच ठेवाचा. तुमी काऊन फोन केला होता?”

“काही नाई,” तिलक म्हणाला. “नंबर पक्का करत होतो.” आणि त्यानं फोन बंद केला.

गोंदियातून तो गॅसकेट घेऊन परतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुर्गेश्वरीनं हेड आणि ब्लॉकचा वरचा भाग घासून लख्ख करून ठेवला होता. जुनं गॅसकेट तिनं उजेडात धरलं.

“यात तं काहीच दिसत नाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “सारा साबूत आहे. मागल्या बाजूनं बी.”

ही तिलकला दुसरी संधी होती. तो गॅसकेटकडे न बघताच म्हणाला, “केसाएवढी चीर असते. डोऱ्यानं दिसत नाई. बदलून टाक.”

सकाळी तो नुसता गप्प राहिला होता. आता तो खोटं बोलला. हा फरक त्याला त्याच वेळी जाणवला, आणि तरीही जीभ अडली नाही.

तिनं मान हलवली. त्याच्या शब्दावर तिचा विश्वास बसला होता. नवं गॅसकेट बसलं, हेड बसलं, मधून बाहेर ओळीनं एकेक नट तिनं आवळला, नोझल घातले, पाइप जोडले. तिचे हात इतके शांत चालत होते की घाटावर बसलेली पोरंसोरंही गप्प झाली. तिलक एकेक पाना तिच्या हातात देत होता. त्याला वाटलं, बघणाऱ्यांना मी हिचा हाताखालचा माणूसच वाटत असणार.

चालू करायच्या आधी दुर्गेश्वरीनं तळाशी वाकून पाहिलं. “कॉक बंद कोन केला गा? असाच चालवला असता तं इंजिन तापला असता.”

“भाऊनं केला होता,” संघदीप म्हणाला. “सकाळीच. आल्या आल्या.”

“असं?” तिनं कॉक उघडला. “मार सेल्फ.”

नोझल काढले होते, त्यामुळे डिझेलच्या पाइपात हवा धरलेली. इंजिन फिरलं पण उठलं नाही. तिनं पाइपाचा नट सैल करून हवा काढली. पुन्हा सेल्फ. पुन्हा हवा. पुन्हा सेल्फ. आधीच भरलेल्या सायलेन्सरमध्ये दर वेळी थोडं अजून पाणी चाललं होतं, आणि ते बोटीवर फक्त एका माणसाला माहीत होतं. तिलक कडेला उभा राहून वाट बघत होता.

ठक्क.

इंजिन जागेवर बसलं. सकाळी बसलं होतं तसंच.

घाटावरच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भैयाजींनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, “दिवसभर मेहनत केली, तरी जसाच्या तसा. उद्याच्या लोकाईले का सांगाचा आता?” मागून कोणीतरी पुटपुटलं, “बाईमानसाचा काम आहे का हे.” सकाळी कौतुकानं हसणाऱ्यांतलाच तो एक होता.

दुर्गेश्वरीच्या तोंडावरचा रंग उतरला. तिलकनं हेच मागितलं होतं, आणि ते अगदी त्याच्या समोर होतं. ती नोझलकडे बघत होती, मग तिची नजर मागच्या पाइपावर गेली, सायलेन्सरवर गेली, तिथून खाली कॉकवर आली. कॉकवर ती थांबली. तिलकला दिसत होतं, तिचं डोकं चाललं होतं. कुठलंही इंजिन समजून घेताना ती तशीच बघायची. पाणी कुठून येतं, कुठं जातं. मग तिनं मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“सकाळीच बंद केला,” ती म्हणाली. आवाज फक्त त्याला ऐकू जाईल एवढाच होता. “आल्या आल्या.”

तिलकनंही कॉककडे पाहिलं.

ती बाजूला झाली. पान्यांची पिशवी त्याच्या पायाशी ठेवली आणि फळीवरून घाटावर उतरली.

मग तिलकनं बाही वर केली. कॉक बंद केला. सायलेन्सरच्या बुडाचा नट काढला तसं काळं पाणी धो धो वाहिलं, बोटीच्या तळाशी डबकं झालं. इंजिनजवळचा पाइप सोडला, त्यातूनही निघालं. नोझल काढून मागलं सिलिंडर कोरडं केलं, ऑइलचे थेंब सोडले, पुन्हा सगळं जोडलं, आणि डिझेलची हवा नीट निघेपर्यंत कॉकला हात लावू दिला नाही. तिसऱ्या सेल्फला इंजिननं धूर टाकला आणि धडधडत उठलं. तेव्हा त्यानं कॉक उघडला. मागच्या पाइपातून धूर आणि पाणी पचक पचक करत तलावात पडायला लागलं. बदकांचा एक थवा उठून लांब जाऊन बसला.

“वा रे तिलक!” भैयाजी ओरडले. “म्या म्हनलाच होता, हिराकूडचा मिस्त्री आहे हा! अरे, खरा मिस्त्री तर हाच आहे.”

अगदी तेच शब्द. संघदीपनं त्याचा हात हातात घेतला. माणसं पुन्हा हसायला लागली. जमुनाबाईनं चहा पाठवला. तिलकनं घाटाच्या पायऱ्यांकडे पाहिलं. दुर्गेश्वरी खालच्या पायरीवर बसून साबणानं हात धूत होती. कोपरापर्यंत धूत होती, हळूहळू, एकेक बोट. ती उठून एक वाक्य बोलली असती तर तो चहा त्याला तिथंच थुंकावा लागला असता. ती बोलली नाही. जमुनाबाई तिला काहीतरी समजावत होती, तेव्हाही ती नुसती हो हो करत राहिली.

गाडीवर मागं बसताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागचं लोखंड धरलं. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, “म्या तुमाले इचारला होता. साऱ्याईच्या समोर इचारला होता.”

“हो.”

“आन् गॅसकेटाच्या वक्ताले बी इचारला.”

“हो.”

“मंग काऊन?”

कितीतरी उत्तरं त्याच्या मनात आली. तुला सगळे विचारतात म्हणून. मला कोणी विचारत नाही म्हणून. तो म्हणाला, “चुकला माहा.”

“चुकला नाई,” ती म्हणाली. “चुकली मी. तुमी केला.”

ती दुकानात येणं थांबवेल, असं तिलकला वाटलं होतं. तिनं तसं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आली, काम केलं, जेवायला वाढलं. गिऱ्हाइकांशीही पूर्वीसारखीच बोलली. बोटीची गोष्ट गावात फिरली होती, त्यामुळे काही माणसं आता तिलकलाच विचारायला लागली होती. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त ती त्याला काही विचारेनाशी झाली. पाना मागायची, फडकं मागायची. पण ‘हे काऊन असं’ हे तिच्या तोंडून बंद झालं. कुठं अडली तर तासभर एकटीच झुंजत बसायची. तिलक शेजारी असायचा. उत्तर त्याला ठाऊक असायचं. ती मान वर करायची नाही.

एक दिवस तो वखारीवरून परत येताना दुकानात तिचा आवाज ऐकून थबकला. ती फोनवर गोंदियाच्या स्पेअर पार्टवाल्याशी बोलत होती. “नाई नाई, ते समजला. पन ओला सायलेन्सर असते तं त्याचा पाइप कसा ठेवतेत? पानी परत नाई आला पाह्यजे ना? तुमच्याकडं कोनी बोटवाला येते का? त्याले इचारून सांगसान का?” समोरचा माणूस काहीतरी लांबण लावत होता, आणि ती ‘असं का’, ‘बरं’, ‘मंग?’ म्हणत ऐकत होती. तिच्या आवाजात ती जुनी ओढ होती. प्लास्टरच्या दिवसांतली.

तिलक दारात उभा राहिला. आजवर त्याला हेवा वाटला तो लोक तिला विचारतात याचा. आता त्याला त्या अनोळखी दुकानदाराचा हेवा वाटला. त्या माणसाला बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी ती त्यालाच विचारत होती. संघदीपलाही विचारत असणार. दोन दिवसांमागं ती बोट बघायला एकटीच जाऊन आली होती, हे त्याला जमुनाबाईकडून कळलं होतं.

फोन संपला. ती पुन्हा कामाला लागली. तिलक स्टुलावर बसला, उठला, परत बसला.

“गळा उंच ठेवतेत,” तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं नाही.

“सायलेन्सर इंजिनच्या खालते पाह्यजे. आन् इंजिनमधून निघनारा पाइप आधी वरते न्याचा, मंग खालते सोडाचा. बगळ्याच्या मानेसारखा. पानी भरला तरी मानेवरून उलटा चढत नाई. आपल्या बोटीत तो पाइप सपाट आहे. बसवनाऱ्यानं सपाट बसवला.”

दुर्गेश्वरी नट पुसत राहिली. बाहेरून एक बस गेली. आता ही काही बोलणार नाही, असं समजून तिलक उठायला लागला.

“किती उंच?” तिनं विचारलं.

तो खाली बसला. तिनं विचारलं होतं. आता काहीही आकडा सांगितला असता तरी तिला पटला असता. वीतभर, हातभर, काहीही.

“ते माले नाई मालूम,” तो म्हणाला. “हिराकूडले खोलाचा काम उस्ताद करत होता. मी पाने देत होतो.”

तिनं तेव्हा वर पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. ती हसली नाही. दुखावलेलं सगळं अजून तिच्या डोळ्यांत तसंच होतं. पण नट तिनं खाली ठेवला.

“मंग मोजून पाहा लागन,” ती म्हणाली. “तलावाचा पानी बोटीच्या कोनत्या ठिकानी लागते ते पाहून.”

दोघं दुसऱ्या दिवशी बोटीवर गेले. तिनं मोजलं, त्यानं पाइप तापवून वाकवला, वाकवताना एकदा चुकला, तिनं तो परत सरळ करायला लावला. संघदीपनं सेल्फ मारून मारून पाहिलं, पाणी उलटं आलं नाही.

आठवड्याच्या बाजारात तिलक जमुनाबाईच्या टपरीवर बसला होता. पलीकडच्या बाकावर भैयाजी नागपूरच्या कोणा पाहुण्याला सांगत होते, “त्या पाइपामागचं डोकं कोनाचं, मालूम आहे का? आमच्या दुर्गाबहूचं. तिलकची बाई. आता बोटीचा काम तिच्याकडंच दिला आहे.”

तिलकला ते ऐकू आलं. हेवा तोच होता, जुना, ओळखीचा, जराही कमी न झालेला. वाटलं, उठावं आणि सांगावं, पाइप उंच ठेवायचा हे तिला कोणी सांगितलं ते विचारा. कप त्याच्या हातात होता. चहा निवून गेला होता. त्यानं तो संपवला आणि दुकानाकडे निघाला. तिथं एक पंप आला होता, आणि दुर्गेश्वरीनं सकाळीच म्हणून ठेवलं होतं की आवाज कसला येतो ते तिला समजून नाही राहिलं, तुम्ही एकदा ऐकून पाहा.